बाळाचं पोट कोण तपासणार?

बाळाच्या पोटातली गाठ अनेकदा डॉक्टरांच्या आधी आंघोळ घालणाऱ्या हाताला लागते. डोळ्यातली पांढरी चमक फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दिसते, तीही घरच्याच कुणाला तरी. कालपर्यंत दोन्ही पाय झाडणारं बाळ एक पाय हलवेनासं झालंय, महिन्यापूर्वी सैल असलेली टोपी आता डोक्यात शिरत नाही, दूध प्यायच्या आधीही पोट तेवढंच टणक लागतंय, हे सगळं पहिल्यांदा घरात लक्षात येतं. तान्ह्या बाळाला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही. त्यामुळे आई-वडील जे सांगतात तीच त्याच्या आजाराची पहिली नोंद असते. ती नोंद कुणी गांभीर्याने घेतं का, बाळाचे सगळे कपडे उतरवून नीट तपासणी होते का, आणि हाताला काही लागलं तर दोन दिवसांत सोनोग्राफी होते का? ज्या आरोग्यव्यवस्थेला या तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हणता येत नाही, तिने कितीही महागडी यंत्रं घेतली तरी बाळांच्या कॅन्सरबाबत फारसं काही साधणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर्षाच्या आतल्या बाळांना कॅन्सर क्वचितच होतो, हे खरं. लहान मुलांच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण दहावा हिस्सा या वयातला असतो. रक्ताचा कॅन्सर बाजूला ठेवला तर उरतात त्या एखाद्या अवयवात गाठ म्हणून वाढणाऱ्या व्याधी. त्यांत सर्वांत जास्त आढळतो तो न्यूरोब्लास्टोमा, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत किंवा मणक्यालगतच्या नसांच्या पेशींत वाढणारा. डोळ्याच्या पडद्यावरचा रेटिनोब्लास्टोमा, मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर, यकृताचा हेपॅटोब्लास्टोमा, मेंदूतल्या गाठी आणि माकडहाडापाशी जन्मतःच असणारा टेराटोमा हे बाकीचे मुख्य. मोठ्यांच्या कॅन्सरसारख्या या गाठी वर्षानुवर्षांच्या सवयींतून आलेल्या नसतात. गर्भात अवयव घडताना ज्या पेशींनी परिपक्व व्हायचं, त्यांतल्या काही तशाच कोवळ्या राहतात आणि वाढत सुटतात. आई-वडिलांच्या हातून काही चुकलं म्हणून हे होत नाही. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं, कारण ज्याला अपराधी वाटतं तो माणूस उशिरा बोलतो आणि कमी बोलतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम हाती घेतला. २०३० पर्यंत जगभरात कॅन्सर झालेल्या किमान ६० टक्के मुलांना वाचवायचं, हे त्याचं उद्दिष्ट आहे. श्रीमंत देशांत आज ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. या दरीची कारणं अनेक आहेत: औषधं मिळत नाहीत, उपचार अर्धवट सुटतात. पण निदान न होणं, चुकीचं होणं किंवा उशिरा होणं ही त्यांतली पहिली पायरी, आणि ती सुधारायला फार पैसा लागत नाही.

मग प्रत्येक बाळाची चाचणीच का करून टाकू नये, असं कुणालाही वाटेल. जपानने ते करून पाहिलं. न्यूरोब्लास्टोमाच्या बहुतेक गाठी अॅड्रेनलिनच्या जातकुळीतली रसायनं तयार करतात आणि त्यांचे अवशेष लघवीत उतरतात. तेव्हा सहा महिन्यांच्या बाळाची लघवी कागदावर टिपून प्रयोगशाळेत पाठवायची, असा कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे देशभर राबवला गेला. कल्पना निर्दोष वाटत होती. चाचणी स्वस्त, बाळाला टोचायचं नाही, आजार प्राणघातक. गाठी सापडू लागल्या, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सापडल्या, आणि ज्यांच्यात सापडल्या ती बाळं जवळजवळ सगळी वाचली. यशस्वी मोहिमेचं चित्र याहून वेगळं काय असतं?

पण खरा प्रश्न वेगळा होता. वर्ष उलटल्यावर, दोन-तीन वर्षांच्या मुलांत, हाडांपर्यंत पसरलेल्या अवस्थेत सापडणारा न्यूरोब्लास्टोमा कमी झाला का? कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने तीन आठवडे आणि सहा महिने अशा दोन वयांत चाचणी केली, जर्मनीने वर्षाच्या सुमारास केली. दोन्ही अभ्यास २००२ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि दोघांचंही उत्तर 'नाही' असं होतं. चाचणी केलेल्या मुलांतले मृत्यू घटले नव्हते. २००४ मध्ये जपानने आपला कार्यक्रम थांबवला.

असं का झालं, हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. न्यूरोब्लास्टोमा या एका नावाखाली स्वभावाने अगदी वेगळे आजार राहतात. तान्ह्या वयातल्या कित्येक गाठी आपोआप विरून जातात. यकृतात, त्वचेत पसरलेला आजारसुद्धा काही बाळांत उपचारांविना ओसरतो, आणि त्या अवस्थेला डॉक्टरांनी १९७१ सालीच वेगळं नाव देऊन ठेवलं होतं. लघवीच्या चाचणीत नेमक्या याच सौम्य गाठी पकडल्या जात होत्या. मुलाचा जीव घेणारा प्रकार नंतर, वेगाने उगवतो. सहा महिन्यांच्या वयात त्याचा मागमूसही नसतो. म्हणजे ज्या गाठी कुणाच्या ध्यानीमनी नसताना नाहीशा झाल्या असत्या, त्यांच्यासाठी हजारो घरांनी कॅन्सरचं निदान ऐकलं, बाळांची पोटं उघडली गेली, केमोथेरपी दिली गेली. पुढे अमेरिकेत सहा महिन्यांच्या आतल्या बाळांमधल्या अधिवृक्क ग्रंथीच्या छोट्या गाठी ठरलेल्या अंतराने सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करून फक्त निरखत राहण्याचा अभ्यास झाला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: पाचांतल्या चार बाळांना शस्त्रक्रिया लागलीच नाही आणि तीन वर्षांनंतर सगळी हयात होती.

म्हणून 'लवकरात लवकर शोधा' ही सरसकट घोषणा मला मान्य नाही. पण जपानच्या अनुभवावरून जो 'मग शोधूच नका' असा अर्थ काढतो, त्याचंही चुकतं. रेटिनोब्लास्टोमाचं उदाहरण नेमकं उलट आहे. तो डोळ्याच्या आत असताना सापडला तर मूल वाचतं, बऱ्याचदा डोळा वाचतो, कधी दृष्टीही. डोळ्याबाहेर, नसेच्या वाटेने मेंदूकडे गेला की जीव धोक्यात येतो. २०१७ साली जगभरात नव्याने निदान झालेल्या चार हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळचं मध्य वय १४ महिने होतं, सर्वांत गरीब देशांत ३० महिने. श्रीमंत देशांतल्या ९८ टक्क्यांहून अधिक मुलांत आजार अजून डोळ्याच्या आत होता. गरीब देशांत जवळजवळ निम्म्या मुलांत तो बाहेर पडलेला होता आणि सुमारे १९ टक्के मुलांत शरीरात दूरवर गेलेला होता. हा फरक गाठीच्या स्वभावातला नव्हे. बाळाच्या डोळ्यात कुणी प्रकाश टाकला आणि कुणी टाकला नाही, एवढ्याने तो पडतो.

तेव्हा माझी मागणी प्रयोगशाळेतल्या चाचणीची नाही. बाळ लसीसाठी पहिल्या वर्षात अनेकदा दवाखान्यात येतंच. त्या प्रत्येक भेटीत हात, दिवा आणि टेप या तीन गोष्टी वापरणं सक्तीचं असावं, आणि जे दिसलं ते बाळाच्या कार्डावर लिहिलं जावं.

हात म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू, कारण 'पोट तपासलं' असं लिहिणं आणि पोट तपासणं यांत फार अंतर आहे. आधी हात चोळून गरम करायचे. रडणाऱ्या बाळाचं पोट फळीसारखं ताठ होतं आणि काहीच कळत नाही, म्हणून त्याला शांत होऊ द्यायचं, आईच्या मांडीवर ठेवायचं, गुडघे किंचित दुमडायचे. सुरुवात ओटीपोटापासून करून वर सरकायचं. वरून सुरुवात केली आणि यकृत किंवा गाठ फारच वाढलेली असेल, तर हात पहिल्यापासून तिच्यावरच टेकलेला असतो आणि तिची कड त्याला कधीच लागत नाही. मग एक हात कमरेखाली आणि दुसरा पोटावर ठेवून दोन्ही कुशी चाचपायच्या. निरोगी बाळाच्या यकृताची कडही बरगडीखाली एक-दोन सेंटिमीटर लागते. साठलेली शौचही गाठीसारखी लागू शकते, पण ती दाबली की खळगा पडतो. विल्म्सची गाठ बहुधा गुळगुळीत आणि एका कुशीतली असते. न्यूरोब्लास्टोमाची खडबडीत, टणक, पुष्कळदा पोटाची मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेलेली. गाठ लागली की मात्र पुन्हा पुन्हा दाबायची नाही आणि विद्यार्थ्यांची रांग लावून तर अजिबातच नाही. विल्म्सची गाठ पोटात फुटली तर आजाराची पायरी वर चढते आणि बाळाच्या वाट्याला जास्त कडक उपचार येतात.

लंगोट काढायचाच, हेही इथेच सांगून टाकतो. माकडहाडापाशी फुगवटा आहे का, वृषणात टणक गाठ आहे का, हे लंगोटावरून कळत नाही. टेराटोमा कधी पूर्ण आतल्या बाजूला, गुदाशयामागे वाढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अशा बाळाची तक्रार फक्त बद्धकोष्ठाची किंवा लघवी अडण्याची असते.

दिव्याचं काम एका मिनिटाचं आहे. खोलीत अंधार करून हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपचा, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या दिव्याचा, प्रकाश दोन्ही डोळ्यांवर एकदम टाकायचा. दोन्हींतून सारखी लालसर चमक यायला हवी. एकीकडे पांढरी, फिकी किंवा वेगळी दिसली, किंवा डोळा तिरळा राहू लागला, तर बाळाला थेट नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचं, 'सहा महिन्यांनी बघू' म्हणायचं नाही. टेपचं काम डोक्याचा घेर मोजण्याचं, आणि एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. मागच्या भेटींशी जोडलेल्या रेषेला असतो. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे मोकळे असतात, म्हणून आत गाठ वाढली तरी कवटी जागा करून देते आणि दाबाची लक्षणं दबून राहतात. तोवर घेराची रेषा आलेखावर वर सरकत असते, टाळू भरलेली लागते, नजर खाली ओढल्यासारखी दिसते, बसायला लागलेलं बाळ पुन्हा बसेनासं होतं. उलट्यांसाठी पोटाची औषधं देत राहण्यात आठवडे जातात.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो वेळेचा. लसीकरणाच्या दिवशी बाहेर रांग असते, इतक्या दुर्मीळ आजारासाठी प्रत्येक बाळामागे पाच मिनिटं कुठून आणायची? आक्षेप खोटा नाही. मात्र हीच पाच मिनिटं फक्त कॅन्सरच्या खात्यात मांडली तरच ती महाग वाटतात. त्याच दिव्याने जन्मजात मोतीबिंदू सापडतो, आणि तो वेळेत काढला नाही तर डोळा कायमचा अधू होतो. त्याच हाताला न उतरलेलं वृषण कळतं, निखळलेला खुबा कळतो. नवजात बाळाच्या पोटातल्या निम्म्याहून अधिक गाठी मूत्रपिंडाशी संबंधित असतात आणि त्यांतल्या बहुतेक कॅन्सरच्या नसतात. लघवीचा मार्ग अडून मूत्रपिंड फुगलेलं असतं. तेही वेळेत कळायलाच हवं. त्याच टेपने मेंदूत पाणी साठल्याचं लक्षात येतं. शिवाय यातलं घेर मोजण्यासारखं काम प्रशिक्षित परिचारिका उत्तम करू शकतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आई-वडिलांना सतत सावध केलं तर घराघरांत भीती पसरेल, दवाखाने निष्कारण भरतील. ब्रिटनमध्ये २०११ साली मुलांच्या मेंदूतल्या गाठींची लक्षणं लोकांना आणि डॉक्टरांना वयानुसार समजावून सांगणारी 'हेडस्मार्ट' मोहीम सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत पहिलं लक्षण ते निदान हा काळ निम्म्याच्या आसपास आला. नेमकी माहिती मिळालेला माणूस कमी घाबरतो, असं मला वाटतं. भीती वाढते ती अर्धवट ऐकण्याने, आणि त्याहूनही जास्त, आपलं कुणी ऐकून घेत नाही या भावनेने. ब्रिटनच्याच राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१५ पासून एक तरतूद आहे, जी मला प्रत्येक देशाच्या नियमांत हवी आहे. बाळाच्या लक्षणांमागचं कारण बहुधा साधंच असेल असं डॉक्टरांना वाटत असलं, तरी आई-वडिलांची काळजी टिकून राहत असेल तर तेवढ्यावर बाळाला तज्ज्ञांकडे पाठवण्याचा विचार करावा, असं त्या सांगतात. पोटात गाठ लागली तर ४८ तासांच्या आत तज्ज्ञांनी पाहावं, असंही त्यांत आहे.

गाठ लागली, की घाईची जात बदलते. आता तपासणी तातडीने हवी, पण चाकू नको. आधी सोनोग्राफी, कारण ती बाळाला गुंगी न देता, किरणोत्सर्गाशिवाय होते आणि गाठ कुठल्या अवयवातून आली आहे हे बऱ्याचदा तीच सांगते. मग गरजेप्रमाणे एमआरआय, लघवी आणि रक्ताच्या तपासण्या. इथे तान्ह्या बाळाचे कायदे वेगळे असतात, आणि फक्त मोठ्यांचे आजार पाहणाऱ्याची इथे फसगत होऊ शकते. अल्फा फीटोप्रोटीन हे यकृताच्या गाठीचं खूणद्रव्य. पण निरोगी नवजात बाळाच्या रक्तात ते प्रौढांच्या हजारो पट असू शकतं आणि प्रौढांच्या पातळीवर यायला आठ-दहा महिने लागतात. बाळाच्या वयाचा तक्ता न पाहता तो आकडा वाचला तर निरोगी बाळाला कॅन्सर चिकटवला जाईल. रेटिनोब्लास्टोमाचा संशय असलेल्या डोळ्यात सुई घालून तुकडा काढायचा नसतो, कारण पेशी डोळ्याबाहेर सांडतात. तिथे निदान डोळ्यांनी आणि स्कॅनवरच करायचं. न्यूरोब्लास्टोमात मात्र तुकडा फार मोलाचा असू शकतो. त्यातलं एमवायसीएन हे जनुक अनेक पटींनी वाढलेलं आहे की नाही, यावर बाळाला निरखत ठेवायचं की जोरकस उपचार द्यायचे हे बरंचसं ठरतं.

चकवणाऱ्या गाठीही आहेत. हातापायावरची जांभळट, रक्ताळ गाठ बहुतेकदा साधा हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, असते: जन्मानंतर काही आठवड्यांत वाढते आणि पुढे आपोआप आक्रसते. पण जन्मतःच मोठी, टणक असलेली किंवा झपाट्याने वाढणारी गाठ इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा हा कॅन्सर असू शकते. पूर्वी या आजारात काही बाळांचे हातपाय कापावे लागत. आता त्याच्या बहुतेक गाठींत दोन विशिष्ट जनुकं एकमेकांना जोडली गेलेली आढळतात, आणि नेमक्या त्या दोषावर काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. म्हणजे नाव अचूक पडलं तर पाय वाचतो. डोळ्यांभोवती आपोआप उमटलेली काळी-निळी वर्तुळं ही आणखी एक फसवी खूण. न्यूरोब्लास्टोमा डोळ्याच्या खोबणीतल्या हाडात गेला की ती दिसतात आणि बाळाला कुणी मारलं की काय, असा संशय घरच्यांवर येतो. बाळाच्या सुरक्षेची चौकशी व्हावीच, पण तिच्याबरोबर पोटाची सोनोग्राफीही व्हावी.

काही बाळांसाठी मात्र नियमित शोधमोहीम मला योग्य वाटते, कारण तिथे धोका आधीच माहीत असतो. मोठी जीभ, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, अशी लक्षणं असलेल्या बेकविथ-विडेमान सिंड्रोमच्या बाळाची दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी केली जाते. बुबुळाचा रंगीत पडदाच नसलेल्या बाळाला विल्म्सचा धोका असू शकतो. आई, वडील किंवा भावंडाला रेटिनोब्लास्टोमा झालेला असेल तर जन्मल्यापासून डोळे तपासायचे. या आजाराच्या साधारण ४० टक्के मुलांत जनुकातला दोष अंगभर असतो आणि तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो.

शासनाकडून मला जे हवं ते फार मोठं नाही. लसीच्या कार्डावर पोट, डोळे, डोक्याचा घेर अशा तीन रकान्यांची सोय. गाठ लागलेल्या बाळासाठी ४८ तासांत, आधी पैसे भरायला न लावता सोनोग्राफी. आणि गाठ ठरली की ती कापायची की निरखायची हा निर्णय बालकर्करोगतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात अशाच ठिकाणी. जिथे बाळ पहिल्यांदा दाखवलं तिथल्या एकट्या सर्जनवर तो सोडू नये, मग तो कितीही कुशल असो. तीच तक्रार घेऊन बाळ तिसऱ्यांदा आलं तर पुन्हा औषध लिहून देण्याऐवजी तपासणी झालीच पाहिजे. आणि काहीच सापडलं नाही, तरी पुन्हा केव्हा यायचं हे कार्डावर लिहून द्यावं: पोट वाढलं तर दोन दिवसांत, डोळ्यात चमक दिसली तर त्याच आठवड्यात, पाय हलेनासे झाले किंवा लघवी अडली तर त्याच रात्री, कारण मणक्यावर गाठीचा दाब आला असेल तर ते पाय पुन्हा चालतील की नाही हे काही तासांत ठरतं.